दिवाळखोरीची नोंद कुठे सापडते? शिक्षक-पालकांसाठी कागद शोधण्याचा धडा



'नादारी' हा शब्द आपल्या शाळांना नवा नाही. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाला फीमाफी मिळायची, तिला आपण नादारी म्हणायचो. जुन्या हजेरीपटांवर आणि फीच्या वह्यांत हा शब्द आजही दिसतो. कोर्टातही हाच शब्द आहे, फक्त तिथे तो कर्ज फेडू न शकणाऱ्या माणसासाठी किंवा कंपनीसाठी वापरतात. २०१६ साली संसदेने केलेल्या कायद्याचं मराठी नावच 'नादारी व दिवाळखोरी संहिता' असं आहे.

हा विषय शाळेत कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या पिंपळगाव बसवंतच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी तीन प्रकारचे पैसे अडकलेले असू शकतात. कुणाची द्राक्षं व्यापाऱ्याने बागेवरून उचलली आणि पैसे दिले नाहीत. कुणाचे वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि पगार राहिला. कुणाच्या आजीने जादा व्याज बघून ठेव ठेवली होती. अशा घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "त्यानं दिवाळं काढलं, आता काही मिळायचं नाही." हे वाक्य खरं की खोटं, ते कागद बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हे कागद बहुतांशी सर्वांसाठी खुले आहेत.

आजच्या धड्याचं सार एकच आहे. नोंद खुली असते, पण ती योग्य दारात आणि वेळेत शोधावी लागते. चुकीच्या दारात गेलो तर 'नोंद नाही' एवढंच उत्तर मिळतं आणि तोवर हक्क सांगायची मुदत निघून जाते.

पहिला प्रश्न : बुडालं कोण?

शोध सुरू करण्याआधी बिल, पावती, ठेवपत्र किंवा पगाराची चिठ्ठी समोर ठेवा आणि त्यावरचं नाव नीट वाचा. त्या नावावरून चार प्रकार करता येतात.

१) कंपनी. नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड', 'लिमिटेड' किंवा 'एलएलपी' असतं. शेतकरी उत्पादक कंपनी हीसुद्धा कायद्याने कंपनीच आहे.

२) व्यक्ती किंवा भागीदारी पेढी. 'अमुक ट्रेडर्स', 'तमुक आणि कंपनी' अशी नावं इथे येतात. नुसतं 'आणि कंपनी' लिहिलं म्हणून ती कायद्याच्या अर्थाने कंपनी होत नाही. इथे बरेच जण फसतात.

३) सहकारी संस्था. पतसंस्था, सहकारी बँक, सहकारी साखर कारखाना.

४) ठेवी गोळा करून पसार झालेली योजना. दामदुप्पट, साखळी योजना वगैरे.

प्रत्येकाचं दार वेगळं आहे. आता एकेक दार बघू.

कंपनी असेल तर

कंपन्यांच्या नादारीची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एनसीएलटीपुढे चालतात. महाराष्ट्राचं आणि गोव्याचं खंडपीठ मुंबईत कफ परेडला आहे. अपील दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जातं. या साऱ्या व्यवस्थेवर देखरेख करणारं मंडळ १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालं. त्याला आयबीबीआय म्हणतात. कंपन्यांच्या नादारीची नवी प्रक्रिया १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली.

शोधाच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी, अचूक नाव आणि सीआयएन. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती बघता येते. तिथे प्रत्येक कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा सीआयएन क्रमांक, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि कंपनीची सध्याची स्थिती दिसते. सारख्या नावाच्या दोन-तीन कंपन्या असू शकतात, म्हणून सीआयएन वहीत उतरवून घ्या. नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे तेही बघा, कारण प्रकरण कुठल्या खंडपीठाकडे जाईल हे त्यावर ठरतं. कारखाना नाशिकला आणि नोंदणी दिल्लीला असेल, तर मुंबईत शोधून काही सापडणार नाही.

दुसरी पायरी, जाहीर सूचना. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की एक अंतरिम निराकरण व्यावसायिक नेमला जातो. लोक त्याला आयआरपी म्हणतात. नेमणुकीपासून ३ दिवसांत त्याला 'नमुना अ' मध्ये जाहीर सूचना द्यावी लागते. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापून येते आणि आयबीबीआयच्या संकेतस्थळावरही लागते. तिथे 'पब्लिक अनाउन्समेंट' या भागात कंपनीचं नाव टाकून कुणालाही ती बघता येते. त्यासाठी फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

या सूचनेत काय बघायचं? कंपनीचं नाव आणि सीआयएन, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, आयआरपीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता व ईमेल, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दावे पाठवण्याची शेवटची तारीख.

तिसरी पायरी, आदेश. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोध घेता येतो. प्रकरणाची सद्यस्थिती, पुढची तारीख आणि आतापर्यंतचे आदेश तिथे मिळतात. आयबीबीआयच्या संकेतस्थळावरही आदेशांचा वेगळा भाग आहे. माहितीसाठी ही प्रत पुरेशी असते. कुठे पुरावा म्हणून द्यायची असेल तर मात्र खंडपीठाच्या नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्यावी लागते.

चौथी पायरी, धनकोंची यादी. कुणाचा किती दावा आला आणि त्यातला किती मान्य झाला, याची यादी व्यावसायिकाला तयार करावी लागते. ती कंपनीचं संकेतस्थळ असेल तर तिथे आणि आयबीबीआयकडे द्यावी लागते. आपण दावा केला असेल तर आपलं नाव या यादीत आहे का, ते स्वतः तपासा.

घड्याळ कुठून सुरू होतं?

दाव्यांसाठी साधारणपणे आयआरपीच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची मुदत असते. उशिरा आलेला दावाही नियमांत सांगितलेल्या मर्यादेपर्यंत घेतात, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जाहीर सूचनेत छापलेली तारीखच धरून चाला.

मुदत का महत्त्वाची, ते एका मोठ्या प्रकरणावरून समजेल. दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, या कंपनीत सामान्य माणसांच्या मुदत ठेवी होत्या. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१९ रोजी तिचं संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला. ३ डिसेंबर २०१९ रोजी मुंबई खंडपीठाने प्रकरण दाखल करून घेतलं. नादारी संहितेखाली आलेली ही पहिली वित्तीय कंपनी. सुमारे ८७ हजार कोटी रुपयांचे दावे मान्य झाले. ७ जून २०२१ रोजी पिरामल समूहाची योजना मंजूर झाली, ती साधारण ३७ हजार कोटींची. मोठ्या रकमेच्या ठेवीदारांना मुद्दलाच्या पाव हिश्श्याहूनही कमी मिळालं आणि त्यावर कोर्टात बरीच भांडणं झाली. इतकं सगळं करूनही पूर्ण पैसे मिळाले नाहीत, हे खरं. तरीही जे मिळालं ते दावा नोंदवलेल्यांच्या हिशेबात मिळालं.

१३ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा अँड सन्स या प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. निराकरण योजना एकदा मंजूर झाली की ती सर्वांवर बंधनकारक असते आणि त्या योजनेत नसलेले जुने दावे संपतात. म्हणजे "कंपनी नव्या मालकाकडे गेली, आता त्याच्याकडून मागू" हा रस्ता बंद होतो.

शेतकऱ्यांसाठी इथे एक उपयोगी गोष्ट आहे. माल पुरवणाऱ्याला स्वतः कंपनीविरुद्ध नादारीचा अर्ज करायचा असेल तर थकबाकी किमान १ कोटी रुपये लागते. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. त्यामुळे "आपले तर चारच लाख आहेत" म्हणून शेतकरी गप्प बसतो. पण दुसऱ्या कुणाच्या अर्जावर प्रक्रिया सुरू झालेली असेल, तर दावा नोंदवायला रकमेची अट नाही. माल पुरवणाऱ्यासाठी 'नमुना ब' आहे. बँका व इतर वित्तीय धनकोंसाठी 'क', ठेवीदार किंवा घर घेणाऱ्यांसारख्या मोठ्या गटासाठी 'क-अ', आणि कामगारांसाठी 'ड', असे इंग्रजी बी, सी, सीए, डी या क्रमाने नमुने आहेत. सोबत बिलं, वजनाच्या पावत्या, न वटलेला चेक, पासबुकाची नोंद जोडायची. दावा नोंदवण्यासाठी व्यावसायिकाला फी द्यावी लागत नाही.

कामगार पालकांसाठी

कंपनी शेवटी विकायलाच काढली, म्हणजे तिचं परिसमापन झालं, तर पैसे वाटण्याचा क्रम कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी आणि तारण असलेले धनको एकाच पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांपर्यंतचे पगार. त्यानंतर बाकीचे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली कामगारांची रक्कम तर विक्रीच्या मालमत्तेत धरायचीच नाही, असं कलम ३६ सांगतं.

जेट एअरवेजचं प्रकरण मुंबई खंडपीठाने २० जून २०१९ रोजी दाखल करून घेतलं. निराकरण योजना मंजूर होऊनही अमलात आली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या परिसमापनाचा आदेश दिला. साडेपाच वर्षांत प्रकरणाने किती वळणं घेतली ते बघा. म्हणून एकदा कागद बघून थांबू नका. परिसमापन सुरू झालं की पुन्हा नवी जाहीर सूचना निघते आणि दाव्यांसाठी ३० दिवसांची मुदत दिली जाते. दर महिन्याला एकदा प्रकरणाची स्थिती बघायची सवय ठेवा.

व्यक्ती किंवा पेढी असेल तर

आपल्या भागात सर्वांत जास्त प्रकरणं अशीच असतात. शिवार खरेदीत, म्हणजे थेट बागेवर झालेल्या सौद्यात, समोर बहुधा एकटा व्यापारी किंवा भागीदारी पेढी असते. बाजार समितीच्या आवारातल्या लिलावात परवानाधारक व्यापारी असतो, त्याची नोंद समितीकडे असते आणि थकलेल्या पैशांची पहिली तक्रार तिथेच करायची. शिवार सौद्याला हा आधार नसतो.

नव्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग अजून सर्वांना लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे आणि तिथली प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात जातात. इतरत्र जिल्हा न्यायालय. नादार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथलं न्यायालय धरायचं. म्हणजे व्यापारी नाशिकचा असेल तर नाशिक जिल्हा न्यायालय आणि वाशीचा असेल तर ठाणे.

शोधायचं कसं? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, न्यायालय निवडा आणि पक्षकाराचं नाव व वर्ष टाका. प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही पर्याय तपासा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, कारण नोंदी इंग्रजीत असतात आणि 'पाटील' तिथे कसं लिहिलंय सांगता येत नाही. प्रकरण सापडलं की त्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. त्यानंतर एका क्रमांकावर सगळा रोजनामा बघता येतो.

कागदाची प्रत हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. आपण प्रकरणात पक्षकार नसू, तर नक्कल कशासाठी हवी ते अर्जात लिहावं लागतं. "माझं येणं आहे" हे सबळ कारण आहे. एखाद्याला न्यायालयाने नादार ठरवलं, तर त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी, असं १९२० च्या कायद्याचं कलम ३० सांगतं. म्हणून राजपत्र हीसुद्धा शोधाची एक जागा आहे.

आणि सगळं शोधून काहीच सापडलं नाही तर? मग तीही एक माहितीच आहे. "मी दिवाळं काढलंय" असं तोंडी सांगणाऱ्याने कोर्टात अर्ज केलेलाच नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणी कायद्याने नादार होत नाही. वसुलीचा दावा आणि फसवणूक असेल तर पोलिसांतली तक्रार, हे रस्ते तेव्हा खुलेच असतात.

तुलनेसाठी सांगायचं तर इंग्लंड-वेल्समध्ये नादार व्यक्तींची एकच नोंदवही आहे आणि ती फुकट बघता येते. अमेरिकेत दिवाळखोरी न्यायालयांचे कागद 'पेसर' नावाच्या व्यवस्थेत पानाला १० सेंट दराने मिळतात. आपल्याकडे व्यक्तींसाठी असं एक दार नाही, म्हणून पत्ता आपल्यालाच काढावा लागतो.

सहकारी संस्था आणि ठेव योजना

सहकारी संस्थांची नोंद एनसीएलटीत शोधू नका. त्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतात. संस्था गुंडाळायची झाली तर निबंधक अवसायक नेमतो. माहितीसाठी निफाडचं सहायक निबंधक कार्यालय, नाशिकचं जिल्हा उपनिबंधक कार्यालय आणि पुण्याचं सहकार आयुक्तालय, असा क्रम आहे. संस्था बहुराज्यीय असेल तर मात्र दिल्लीचे केंद्रीय निबंधक. आपल्याच तालुक्यातला निफाड सहकारी साखर कारखाना थकीत कर्जापोटी जिल्हा बँकेने ताब्यात घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कागद सहकार खातं आणि बँक यांच्याकडेच सापडतात.

सभासदाला एक हक्क आधीच आहे. कायद्याच्या कलम ३२ नुसार संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनाशुल्क बघता येतात. बुडाल्यावर धावण्यापेक्षा वर्षातून एकदा हे बघितलेलं बरं. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही.

ठेवी घेऊन पसार झालेल्या योजनांसाठी १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, तोच एमपीआयडी. २०१४ मध्ये नाशिकमध्ये गाजलेलं केबीसी मल्टीट्रेड प्रकरण याच कायद्याखाली आलं. यात मालमत्ता जप्तीची अधिसूचना राजपत्रात निघते, सरकार सक्षम प्राधिकारी नेमतं आणि खटला विशेष न्यायालयात चालतो. सक्षम प्राधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करून जप्त मालमत्ता, विक्री आणि वाटपाची स्थिती विचारता येते.

कागद वाचताना

'अर्ज दाखल झाला' आणि 'अर्ज दाखल करून घेतला' यांत मोठा फरक आहे. पहिल्यात कुणीतरी फक्त मागणी केलेली असते. दुसऱ्यात न्यायाधिकरणाने प्रक्रिया सुरू केलेली असते आणि कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते. पहिल्याच बातमीवरून "कंपनी बुडाली" म्हणणं चूक. तडजोड होऊन अर्ज मागे घेतल्याचीही उदाहरणं असतात.

नोंद खुली आहे म्हणजे ती चावडीवर वाचायची असा अर्थ नाही. कर्जात बुडालेला माणूसही कुणाचा तरी बाप असतो आणि त्याचं मूलही आपल्याच वर्गात असतं. आपल्या येण्यासाठी कागद बघा, जपून ठेवा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. शिक्षकांनी वर्गात ओळखीचं कुठलंही नाव घेऊ नये. आणि "दहा टक्के द्या, पैसे काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती मूळ पावत्या कधीच देऊ नका. जाहीर सूचनेतला नोंदणी क्रमांक आयबीबीआयच्या यादीत जुळतो का, ते पाहून मगच झेरॉक्स पाठवा.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता नववी-दहावी)

१) आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतून 'जाहीर सूचना' कापून आणा. त्यातली नादारीची कोणती आणि बँकेच्या जप्तीची कोणती, ते वेगळं करा.

२) एका सूचनेतून पाच गोष्टी वहीत लिहा : कंपनीचं नाव, सीआयएन, सुरुवातीची तारीख, व्यावसायिकाचं नाव, दाव्याची शेवटची तारीख.

३) घरातली एक पावती किंवा बिल बघा, त्यावरचं नाव वर दिलेल्या चार प्रकारांपैकी कशात बसतं ते ओळखा आणि त्याची नोंद कुठे शोधाल ते सांगा.

तिसरा उपक्रम मुलांनी घरी आई-वडिलांसोबत बसून करावा. पुढच्या हंगामात माल देताना पावतीवर पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घेण्याची आठवण त्या घरात मूलच करून देईल.